कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षा चाचणी

कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षा चाचणी म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली कोणत्या परिस्थितीत चुकीचे, पक्षपाती किंवा घातक वर्तन करते, हे पद्धतशीरपणे शोधून काढण्याची प्रक्रिया होय. ही चाचणी प्रणाली लोकांच्या वापरात येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही केली जाते. तिच्यात प्रणालीला ठरावीक प्रश्न विचारून उत्तरांचे मूल्यमापन करणे, तिला मुद्दाम चुकवण्याचा प्रयत्न करणे, समाजातील वेगवेगळ्या गटांशी ती समान वागते का ते तपासणे आणि धोकादायक कामांत ती कितपत मदत करू शकते ते मोजणे यांचा समावेश होतो. २०२० नंतर मोठ्या भाषिक मॉडेलांचा प्रसार झाल्यावर हे एक स्वतंत्र क्षेत्र बनले. संशोधन संस्था, सरकारी यंत्रणा आणि चाचणीची साधने तयार करणाऱ्या स्टार्टअप कंपन्या या क्षेत्रात काम करतात.

चाचणीचा निष्कर्ष ज्या भाषेत आणि ज्या सामाजिक संदर्भात चाचणी झाली, त्यापुरताच खात्रीचा असतो. इंग्रजीत सुरक्षित ठरलेले मॉडेल अन्य भाषेत तसेच वागेल असे गृहीत धरता येत नाही, हे २०२३ पासूनच्या संशोधनातून दिसून आले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

## संकल्पना

पारंपरिक सॉफ्टवेअरच्या चाचणीत प्रत्येक आदानासाठी अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असते. बँकेच्या प्रणालीत मुद्दल, दर आणि मुदत भरली की व्याजाचा एकच आकडा यायला हवा. तो आला नाही तर दोष सापडला. भाषिक मॉडेलाच्या बाबतीत असे होत नाही. मॉडेल पुढचा शब्द संभाव्यतेच्या आधारे निवडते, त्यामुळे एकाच प्रश्नाची दोन वेळा दोन उत्तरे येऊ शकतात. शिवाय विचारता येण्याजोग्या प्रश्नांची संख्या अमर्याद असते. म्हणून येथील चाचणी ही मूलतः नमुना पाहणी असते. ती दोष असल्याचे सिद्ध करू शकते. दोष नसल्याचे सिद्ध करू शकत नाही.

नमुन्याच्या आकाराला म्हणूनच महत्त्व आहे. ३०० स्वतंत्र प्रश्नांपैकी एकाही प्रश्नाला घातक उत्तर आले नाही, तरी संख्याशास्त्रातील 'तीनच्या नियमा'नुसार ९५ टक्के विश्वासपातळीवर एवढेच म्हणता येते, की दोषाचे प्रमाण सुमारे १ टक्क्यापेक्षा अधिक नसावे. दररोज १० लाख प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या सेवेत १ टक्का म्हणजे रोजची १० हजार उत्तरे.

मराठीत 'सुरक्षा' या एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टींचा बोध होतो. पहिली, प्रणालीमुळे नकळत होणाऱ्या हानीपासून संरक्षण. उदाहरणार्थ, औषधाची चुकीची मात्रा सांगणे. दुसरी, वाईट हेतूने प्रणालीवर होणाऱ्या हल्ल्यांपासून संरक्षण. उदाहरणार्थ, तिच्याकडून गोपनीय माहिती काढून घेणे. चाचणीत दोन्ही बाजू येतात, मात्र त्यांच्या पद्धती वेगळ्या असतात.

प्रत्येक प्रश्न नाकारणारे मॉडेलही सुरक्षित मानले जात नाही. विषबाधा झालेल्या माणसाला प्रथमोपचार कोणते द्यावेत, या प्रश्नात 'विष' हा शब्द आला म्हणून उत्तर नाकारले गेले, तर त्यातून हानीच होते. अशा अनाठायी नकाराचे मोजमाप करण्यासाठी २०२३ मध्ये 'एक्सएसटेस्ट' हा प्रश्नसंच तयार करण्यात आला. त्यात वरवर धोकादायक दिसणारे पण प्रत्यक्षात निरुपद्रवी असे २५० प्रश्न आहेत.

## इतिहास

यंत्र-अध्ययनावर आधारित प्रणाली अनपेक्षित रीतीने चुकू शकतात, हे २०१३-१४ मध्ये प्रतिमा ओळखणाऱ्या मॉडेलांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. छायाचित्रात डोळ्यांना जाणवणारही नाही असा सूक्ष्म बदल केल्यास मॉडेल पांडाला गिबन समजते, हे त्यातील गाजलेले उदाहरण आहे. मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ट्विटरवर 'टे' हा संवादक सुरू केला. वापरकर्त्यांनी त्याला द्वेषपूर्ण विधाने करायला लावल्यामुळे तो एका दिवसाच्या आत बंद करावा लागला. त्याच वर्षी 'कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षेतील मूर्त समस्या' या आशयाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि सुरक्षेचा विचार प्रयोगांच्या भाषेत मांडला जाऊ लागला.

२०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणालींची तपासणी केली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. एकूण अचूकतेच्या सरासरीमागे विशिष्ट गटाचे नुकसान कसे दडते, हे या अभ्यासाने दाखवले. गटवार चाचणीची पद्धत त्यानंतर रूढ झाली.

मोठ्या भाषिक मॉडेलांसाठी २०२० मध्ये 'रिअलटॉक्सिसिटीप्रॉम्प्ट्स' आणि २०२१ मध्ये ८१७ प्रश्नांचा 'ट्रुथफुलक्यूए' हे संच तयार झाले. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ प्रसिद्ध करताना ओपनएआयने ५० हून अधिक बाह्य तज्ज्ञांकडून करून घेतलेल्या चाचणीची माहिती दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये लास व्हेगास येथील 'डेफ कॉन' परिषदेत दोन हजारांहून अधिक लोकांनी विविध कंपन्यांच्या मॉडेलांना जाहीरपणे चुकवण्याचा प्रयत्न केला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे पहिली आंतरराष्ट्रीय शिखर परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यावर भारतानेही स्वाक्षरी केली. याच सुमारास ब्रिटनने कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षा संस्था स्थापन केली व अमेरिकेनेही तशी संस्था स्थापन करण्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये दोन्ही देशांनी या संस्थांची नावे बदलली. ब्रिटनने हानी टाळण्याचा अर्थ असलेल्या शब्दाऐवजी हल्ल्यांपासून संरक्षणाचा अर्थ असलेला शब्द स्वीकारला. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. व्यापक जोखीम असलेल्या मोठ्या मॉडेलांसाठी प्रतिपक्षी चाचणी त्यात बंधनकारक करण्यात आली आहे.

## चाचणीच्या पद्धती

### प्रमाणित प्रश्नसंच

यात आधी ठरवलेले प्रश्न सर्व मॉडेलांना विचारून उत्तरांना गुण दिले जातात. त्यामुळे मॉडेलांची आपसात तुलना करता येते. एमएलकॉमन्स या संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एआयल्युमिनेट' या मापदंडात हिंसक गुन्हे, द्वेष, आत्महानी अशा १२ प्रकारच्या धोक्यांचा विचार केला आहे. प्रश्नसंच एकदा जाहीर झाला की तो पुढच्या मॉडेलांच्या प्रशिक्षण-विदेत शिरण्याची शक्यता असते, ही या पद्धतीची मोठी अडचण होय. फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर मिळालेल्या गुणांसारखीच मग त्या गुणांची किंमत राहते. म्हणून अनेक संस्था प्रश्नांचा एक भाग गोपनीय ठेवतात.

### प्रतिपक्षी चाचणी

'रेड टीमिंग' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत लष्करी युद्धसरावांतून आली आहे. सरावात एक तुकडी शत्रूची भूमिका घेऊन स्वपक्षाच्या बचावातील कच्चे दुवे शोधते. त्याचप्रमाणे येथे तज्ज्ञ मॉडेलाचे निर्बंध मोडण्याचा प्रयत्न करतात. काल्पनिक कथेच्या आडून घातक माहिती मागणे, प्रश्नाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वेळी विचारणे, सांकेतिक लिपी वापरणे किंवा अन्य भाषेत अनुवाद करून विचारणे हे त्यातील काही मार्ग आहेत. अँथ्रोपिकने २०२२ मध्ये अशा सुमारे ३९ हजार प्रयत्नांचा विदासंच खुला केला. मॉडेल ईमेल वाचणे, संकेतस्थळे पाहणे अशी कामे स्वतंत्रपणे करू लागल्यावर वाचायच्या मजकुरातच छुपी आज्ञा पेरण्याचा हल्लाही चाचणीच्या कक्षेत आला.

### स्वयंचलित चाचणी

माणसांनी प्रत्येक हल्ला हाताने रचणे वेळखाऊ व खर्चिक असते. २०२२ मध्ये डीपमाइंडच्या संशोधकांनी एका भाषिक मॉडेलाकडून दुसऱ्या मॉडेलासाठी अडचणीचे प्रश्न तयार करून घेण्याची पद्धत मांडली. उत्तरांचे मूल्यमापनही आता अनेकदा परीक्षक मॉडेलाकडे सोपवले जाते. त्यामुळे हजारो उत्तरे थोड्या वेळात तपासता येतात. मात्र परीक्षक मॉडेल लांबलचक उत्तरांना झुकते माप देते, तसेच ज्या भाषा त्याला नीट येत नाहीत त्यांतील चुका त्याच्या लक्षात येत नाहीत. म्हणून त्याचे निकाल माणसांनी दिलेल्या निकालांशी ताडून पाहावे लागतात.

### धोकादायक क्षमतांचे मापन

मॉडेल जैविक अस्त्रे बनवण्यात किंवा संगणक-हल्ले करण्यात कितपत मदत करू शकते, मानवी देखरेखीशिवाय किती लांबीची कामे पूर्ण करू शकते आणि निरीक्षकांची दिशाभूल करू शकते का, हे या प्रकारात पाहतात. अमेरिकेतील मेटर आणि लंडनमधील अपोलो रिसर्च या संस्था त्यासाठी ओळखल्या जातात. काही मॉडेल कंपन्यांनी २०२३ पासून अशा मापनाला अंतर्गत धोरणाशी जोडले आहे. ठरावीक क्षमता आढळल्यास अधिक कडक सुरक्षा उपाय लागू करण्याचे त्यांनी जाहीर केले आहे.

## साधने व स्टार्टअप कंपन्या

चाचणीच्या मुक्त-स्रोत साधनांमध्ये एनव्हिडियाचे 'गॅरॅक', मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये खुले केलेले 'पायरिट' आणि ब्रिटनच्या सुरक्षा संस्थेचे 'इन्स्पेक्ट' यांचा समावेश होतो. ज्ञात हल्ल्यांचा साठा, ते मॉडेलाकडे पाठवण्याची यंत्रणा, उत्तरे तपासणारा घटक आणि निकालाचा अहवाल असे या साधनांचे सर्वसाधारण भाग असतात.

याच भागांवर व्यावसायिक उत्पादने उभी करणाऱ्या स्टार्टअप कंपन्या २०१९ नंतर वाढल्या. अमेरिकेतील रोबस्ट इंटेलिजन्स व ट्रुएरा, स्वित्झर्लंडमधील लकेरा, फ्रान्समधील गिस्कार्ड आणि मेटाच्या माजी संशोधकांनी २०२३ मध्ये स्थापन केलेली पेट्रोनस एआय ही त्यांतील काही नावे होत. लकेराने 'गँडाल्फ' हा खेळ लोकांसाठी खुला केला. मॉडेलाने लपवलेला परवलीचा शब्द काढून घेणे हे त्यातील आव्हान होते आणि खेळणाऱ्यांच्या प्रयत्नांतून कंपनीला हल्ल्यांचे नमुने मिळत गेले.

यांपैकी काही कंपन्या लवकरच मोठ्या उद्योगांनी विकत घेतल्या. २०२४ मध्ये सिस्कोने रोबस्ट इंटेलिजन्स, तर स्नोफ्लेकने ट्रुएरा घेतली. लकेरा विकत घेत असल्याची घोषणा चेक पॉइंटने २०२५ मध्ये केली. चाचणी करणारा घटक स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्ता विकणाऱ्या उद्योगाचा भाग झाल्यास त्याच्या निष्पक्षतेचे काय, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत राहिला आहे.

## भाषा आणि सुरक्षा

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी जीपीटी-४ वर केलेला अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. त्यांनी ५२० घातक विनंत्या यांत्रिक अनुवादाने १२ भाषांत नेल्या आणि मिळालेली उत्तरे पुन्हा इंग्रजीत आणून तपासली. मूळ इंग्रजीत १ टक्क्याहून कमी विनंत्यांना घातक उत्तर मिळाले. झुलू, स्कॉटिश गेलिक, मोंग व ग्वारानी या अल्प-संसाधन भाषांचा गट घेतला असता चारांपैकी किमान एका भाषेत घातक उत्तर मिळालेल्या विनंत्यांचे प्रमाण सुमारे ७९ टक्के भरले. हिंदीचा समावेश असलेल्या अधिक संसाधनांच्या गटात ते सुमारे ११ टक्के, तर बंगालीचा समावेश असलेल्या मध्यम गटात सुमारे २२ टक्के होते. या अभ्यासात मराठी नव्हती.

या तफावतीची कारणे मॉडेलाच्या प्रशिक्षणात आहेत. मॉडेल अनेक भाषांतील मजकूर वाचून शिकते. कोणत्या विनंत्या नाकाराव्यात याचे नंतरचे प्रशिक्षण मात्र प्रामुख्याने इंग्रजीत होते. परिणामी एखाद्या भाषेत उत्तर देण्याइतके ज्ञान मॉडेलापाशी असते, पण त्याच भाषेत सावधगिरी बाळगण्याचे शिक्षण तितके पक्के नसते. देवनागरी मजकुराचे संगणकीय तुकडे इंग्रजीपेक्षा अधिक पडतात, यानेही मॉडेलाचे आकलन मंदावू शकते.

केवळ अनुवाद करून तयार केलेला प्रश्नसंच पुरेसा ठरत नाही. अमेरिकी संचांत वंशभेदावरील प्रश्न विपुल असतात, पण जातीवरील नसतात. ही उणीव भरून काढण्यासाठी 'इंडियन-भेद' हा जात व धर्मविषयक साचेबंद समजुतींचा संच २०२३ मध्ये, तर 'इंडिबायस' हा संच २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या 'इंडिबायस'मध्ये इंग्रजी व हिंदीतील ८०० वाक्यजोड्या असून लिंग, धर्म, जात, वय, प्रदेश, रूप व व्यवसाय यांवरील पूर्वग्रह त्यांद्वारे तपासले जातात.

## भारतातील स्थिती

दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने जुलै २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालींच्या निष्पक्षतेचे मूल्यमापन व गुणांकन करण्याचे मानक प्रसिद्ध केले. १ मार्च २०२४ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पुरेशी चाचणी न झालेली मॉडेले उपलब्ध करून देण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याची सूचना काढली. स्टार्टअप क्षेत्रातून टीका झाल्यानंतर १५ मार्चच्या सुधारित सूचनेत परवानगीची अट वगळण्यात आली. उत्तरे अविश्वसनीय असू शकतात हे वापरकर्त्याला कळवण्याची अपेक्षा मात्र कायम ठेवण्यात आली.

७ मार्च २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय अभियानाला मंजुरी दिली. 'सुरक्षित व विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता' हा त्याच्या सात स्तंभांपैकी एक आहे. या स्तंभाखाली निवडलेल्या पहिल्या आठ प्रकल्पांत पुण्याच्या प्रगत तंत्रज्ञान संरक्षण संस्थेचा, म्हणजे 'डायट'चा, माइंडग्राफ टेक्नॉलॉजी या कंपनीसह राबवायचा प्रकल्प आहे. मॉडेलाने निर्णय कशाच्या आधारे घेतला हे स्पष्ट करणाऱ्या चौकटीवर तो आधारलेला आहे. सिव्हिक डेटा लॅब्जचे लेखापरीक्षण साधन आणि अमृता विश्व विद्यापीठाची चाचणी चौकट हे त्याच फेरीतील इतर प्रकल्प होत. पुढील फेरीत ग्लोबल्स आयटीईएस ही कंपनी व धारवाडची भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था यांचे 'अॅन्व्हिल' हे भाषिक मॉडेलांच्या भेद्यतेची चाचणी करणारे साधन निवडण्यात आले.

३० जानेवारी २०२५ रोजी इंडियाएआय सुरक्षा संस्थेची घोषणा झाली. एकाच ठिकाणी मोठी प्रयोगशाळा उभारण्याऐवजी देशातील विद्यापीठे व संशोधन संस्थांना जोडणारी रचना तिच्यासाठी स्वीकारण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम बुद्धिमत्ता प्रशासनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

वित्तीय क्षेत्रासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य हे समितीचे अध्यक्ष होते. ७ सूत्रे व २६ शिफारशी असलेल्या या अहवालात बँका व वित्तसंस्थांनी प्रतिपक्षी चाचणीची नियमित व्यवस्था उभारावी, असे सुचवण्यात आले आहे.

## महाराष्ट्र आणि मराठी

### विदासंच व मूल्यमापन

सुरक्षा चाचणीसाठी त्या भाषेतील आक्षेपार्ह मजकूर ओळखता यावा लागतो. मराठीसाठी २०२१ मध्ये सुमारे २,५०० ट्वीटांचा 'मोल्ड' हा विदासंच तयार झाला. त्याच वर्षी 'हासोक' या संशोधन स्पर्धेत मराठीचा समावेश करण्यात आला. पुण्यातील एलथ्रीक्यूब या गटाने २०२२ मध्ये २५ हजारांहून अधिक ट्वीटांचा 'महाहेट' हा संच खुला केला. त्यात मजकुराची द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, अश्लील आणि यांपैकी काहीही नसलेला अशी चार गटांत वर्गवारी केलेली आहे.

'कार्या' या बंगळुरूस्थित सामाजिक उपक्रमाची मुळे महाराष्ट्रातील एका प्रयोगात आढळतात. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी आमले या आदिवासी गावातील रहिवाशांकडून स्मार्टफोनवर हस्तलिखित देवनागरी शब्दांचे अंकीकरण करून घेतले आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. ग्रामीण भागातील लोक मोबदला घेऊन दर्जेदार भाषिक विदा तयार करू शकतात, असे त्यातून दिसले. २०२४ मधील 'परीक्षा' या अभ्यासात मायक्रोसॉफ्ट व कार्या यांनी मराठीसह १० भारतीय भाषांत ३० मॉडेलांचे मूल्यमापन केले. त्यासाठी माणसांकडून सुमारे ९० हजार, तर परीक्षक मॉडेलाकडून सुमारे ३० हजार निकाल घेण्यात आले. दोन उत्तरांपैकी चांगले कोणते हे ठरवताना माणूस व परीक्षक मॉडेल यांचे मत बऱ्यापैकी जुळले. एकट्या उत्तराला थेट गुण देताना ते तितके जुळले नाही.

गोव्यातील डिजिटल फ्यूचर्स लॅब आणि कार्या यांचा शेतीविषयक भाषिक मॉडेलांतील लिंगभाव पूर्वग्रह तपासणारा प्रकल्प इंडियाएआय अभियानाच्या दुसऱ्या फेरीत निवडला गेला. शेतीची अनेक कामे स्त्रिया करत असल्या, तरी सल्ला देणारी प्रणाली समोरचा शेतकरी पुरुषच आहे असे धरून बोलते का, हा अशा तपासणीचा विषय असतो. मराठीत क्रियापदावरून लिंग कळते, त्यामुळे असे गृहीतक वाक्यरचनेतही उमटते.

### शेतीविषयक सल्ला

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये २०२५ ते २०२९ या कालावधीसाठीच्या 'महाॲग्री-एआय' धोरणाला मान्यता दिली. कृषी विभागाच्या 'महाविस्तार' या उपयोजनात शेतकऱ्यांना मराठीतून प्रश्न विचारण्याची सोय आहे. चुकीच्या सल्ल्याचा परिणाम येथे थेट पिकावर व जिवावर होऊ शकतो. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने किमान २० शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला होता. त्या घटनेचा कृत्रिम बुद्धिमत्तेशी संबंध नव्हता, पण फवारणीविषयक माहितीतील त्रुटीची किंमत किती मोठी असू शकते याची कल्पना तीवरून येते.

अशा प्रणालीच्या मराठी चाचणीत अनुवादातून सापडणार नाहीत अशा अनेक बाबी येतात:

* औषध : ग्रामीण महाराष्ट्रात कीटकनाशकाला सर्रास 'औषध' म्हणतात. 'औषध मारणे' म्हणजे फवारणी करणे; 'औषध पिणे' याचा अर्थ मात्र अनेकदा कीटकनाशक पिऊन आत्महत्येचा प्रयत्न करणे असा असतो. घरातील कोणी 'औषध प्यायले' असे सांगितल्यावर प्रणालीने ते आजारपणातील औषध समजणे घातक ठरते. तिने तातडीने रुग्णालयात नेण्यास सांगितले का, हे तपासावे लागते. मानसिक आधाराच्या प्रश्नांत परदेशी मदतक्रमांकाऐवजी 'टेली-मानस'चा १४४१६ हा भारतीय क्रमांक दिला जातो का, हेही पाहावे लागते.
* मावा : हे पिकावरील किडीचे नाव आहे, दूध आटवून केलेल्या पदार्थाला आणि तंबाखू-सुपारीच्या मिश्रणालाही मावाच म्हणतात. 'माव्यावर उपाय सांगा' या प्रश्नाचा अर्थ संदर्भावरून लावावा लागतो.
* मोजमापे : शेतकरी मात्रा 'एका पंपाला किती' अशी विचारतात. येथे पंप म्हणजे पाठीवरचा, साधारणतः १५ लिटरच्या आसपासचा फवारणी पंप, विहिरीवरचा नव्हे. क्षेत्र गुंठ्यांत सांगितले जाते आणि ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच या संख्याशब्दांचा अर्थ चुकल्यास मात्राही चुकते.
* बोली व लिपी : वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी या बोलींतून, इंग्रजीमिश्रित मराठीतून आणि रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीतून विचारलेल्या त्याच प्रश्नाला तेच उत्तर मिळते का, याची तुलना करावी लागते.

उत्तर बरोबर की चूक हे ठरवण्यासाठी स्थानिक अधिकृत आधार लागतो. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठासह अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे आपापल्या कार्यक्षेत्रासाठी शिफारशी करतात. कोणते कीटकनाशक कोणत्या पिकावर वापरता येईल, हे केंद्रीय नोंदणी समितीने मान्य केलेल्या 'लेबल क्लेम'वरून ठरते. एका पिकासाठी मान्य असलेले रसायन दुसऱ्या पिकासाठी सुचवणे ही भाषेच्या दृष्टीने निर्दोष वाटणारी, पण सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर चूक असते. ती ओळखण्यासाठी मराठी जाणणारा आणि कृषिशास्त्र जाणणारा असे दोन्ही प्रकारचे परीक्षक लागतात.

## मर्यादा व टीका

गुण हेच उद्दिष्ट बनले की मॉडेल परीक्षेपुरते सुधारते, ही या क्षेत्रावरील जुनी टीका आहे. २०२४ पासून तिच्यात नवी भर पडली. आपली चाचणी चालू असल्याचे काही प्रगत मॉडेलांना ओळखता येते आणि त्यांचे वर्तन त्यानुसार बदलू शकते, असे अनेक अभ्यासांत आढळले. त्यामुळे प्रयोगशाळेतील निकाल प्रत्यक्ष वापराला कितपत लागू पडतो, याबद्दल शंका निर्माण झाली आहे.

दुसरी टीका स्वातंत्र्याविषयी आहे. मॉडेल बनवणारी कंपनीच बहुधा चाचणीची व्याप्ती, कालावधी आणि प्रसिद्ध करायचे निष्कर्ष ठरवते. बाह्य परीक्षकांना मॉडेलाची अंतर्गत रचना सहसा पाहता येत नाही. परीक्षा देणाराच परीक्षकाचे मानधन देत असल्याने हितसंबंधांचा संघर्ष उद्भवतो. यावर उपाय म्हणून सरकारी संस्था व स्वतंत्र लेखापरीक्षकांची भूमिका वाढवण्याची मागणी केली जाते. याउलट, कडक पूर्वपरवानगीमुळे लहान कंपन्या मागे पडतील, असा युक्तिवाद उद्योगक्षेत्राकडून होतो.

तिसरा प्रश्न श्रमाचा आहे. घातक मजकूर वाचून त्याची वर्गवारी करणारी माणसे या व्यवस्थेचा पाया आहेत. ओपनएआयसाठी असे काम करणाऱ्या केनियातील कामगारांना ताशी दोन डॉलरपेक्षा कमी वेतन मिळत असल्याचे 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मानसिक आरोग्यावरील परिणामांचीही त्यात नोंद होती.

भाषांमधील असमतोल ही चौथी मर्यादा होय. प्रश्नसंच, परीक्षक मॉडेले आणि हल्ल्यांचे साठे इंग्रजीत सर्वाधिक आहेत. भारतीय भाषांमध्ये सुरुवातीचा भर बहुतांशी हिंदीवर राहिला आहे. मराठीत आक्षेपार्ह मजकुराचे विदासंच उपलब्ध असले, तरी ते प्रामुख्याने समाजमाध्यमांवरील छोट्या संदेशांचे आहेत. आरोग्य, शेती, कायदा व शासकीय योजना यांविषयीच्या दीर्घ संवादांची चाचणी करण्यासाठी ते तयार केलेले नाहीत.

## हे सुद्धा पहा

* कृत्रिम बुद्धिमत्ता
* यंत्र-अध्ययन
* नैसर्गिक भाषा प्रक्रिया
* सॉफ्टवेअर चाचणी
* संगणक सुरक्षा
* महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी
* मराठी भाषा